मुक्या दिवसाची बरणी

१

चोरी झाली तर ती सांगायची कुणाला, हेच वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. दारांना कड्या होत्या त्या वाऱ्यासाठी. कुलूप एकही नव्हतं. जे होतं ते सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांचं असलेलं चोरायचं म्हणजे आपल्याच घरातून उचलून आपल्याच घरात ठेवण्यासारखं. त्यामुळे गुरुवारी सकाळी बियाणेवालीने बियाणेघराच्या वरच्या फळीकडे पाहिलं आणि तिथे बरणी नाही हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती काहीच न करता नुसती उभी राहिली.

बियाणेघर म्हणजे जाड भिंतींची एक गार खोली. फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तिच्या बाबांचं उजवीकडे कललेलं अक्षर. बाबा थंडीत गेले. तेव्हापासून खोली तिच्याकडे आली आणि लोक तिला बियाणेवाली म्हणू लागले. ती अजून त्या हाकेला चटकन वळत नसे.

हरवली होती ती डोळस शेंगांची बरणी. जांभळट काळं बी आणि त्यावर पांढरा डोळा, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. हा वेल बाबांनी सव्वीस वर्षं दरसाल पेरून, निवडून, पुन्हा पेरून टिकवला होता. दुसरीकडे तो कुठेही नव्हता. गेल्या हंगामात बाबा अंथरुणाला खिळले, वेलाकडे कुणाचं धड लक्ष राहिलं नाही, आणि हाताला लागल्या अवघ्या त्रेसष्ट बिया. त्या बरणीत होत्या. पेरणीचे दिवस सरत आले होते. बरणी मिळाली नाही तर वेल संपला.

तिने घरी जाऊन आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला एक गोष्ट सांगितली की दवंडी पिटायची गरज नसे.

"नीट पाहिलंस का? मागच्या बाजूला सरकली असेल."

"नाही गं आत्या. सगळ्या बरण्या जागच्या जागी आहेत. तेवढीच नाही."

"शेवटची कधी पाहिलीस?"

तिने बोटांवर मोजलं. "दहा-बारा दिवस झाले असतील."

आत्याने पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या.

दुपारच्या जेवणापर्यंत भोजनगृहात दुसरा विषय नव्हता. मधमाश्या सांभाळणारा मधवाला स्वभावानेच घाबरट. पेटीत एक माशी कमी भरली तरी त्याला घोर लागायचा. तो उभा राहून म्हणाला, "रविवारपर्यंत ते चार पाहुणे होते ना बाहेरचे? मी कुणावर आळ घेत नाही. पण शनिवारी सभा आहे. बियाणेघराला कुलूप लावायचं, असा ठराव मी मांडणार आहे. आणि पाहुण्यांना तिकडे पाऊल टाकू द्यायचं नाही."

पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. आज बऱ्याच माना हलल्या. बियाणेवालीने ते पाहिलं. बिनकुलपाचं दार हा बाबांचा हट्ट होता. बी ज्याला हवं त्याला नेता आलं पाहिजे, असं ते म्हणत. वेल गेला आणि वर कुलूप आलं, तर बाबांचं म्हणावं असं वस्तीत काय उरणार होतं?

"सभेपर्यंत मला शोधू द्या," ती म्हणाली.

"शोध की," मधवाला म्हणाला. "पण विचारणार कुणाला? पाहुणे गेले रविवारी. आणि रविवार कुठला होता, आठवतंय ना?"

तिला आठवलं आणि तिचा घास हातातच राहिला. तो मुका दिवस होता.

२

भोजनगृहाच्या भिंतीवर कामाचा फळा होता. प्रत्येक कामाची एक लाकडी पाटी. काम बाकी असलं की कोरी बाजू समोर, झालं की पाटी उलटवायची आणि हिरवी बाजू दिसायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे मुक्या दिवशी, मात्र कुणी स्वतःचं काम करत नसे. ज्याचं जे काम रखडलेलं दिसेल ते दुसऱ्याने गुपचूप करून टाकायचं आणि त्याबद्दल जन्मात तोंड उघडायचं नाही. पाटीही त्याने उलटवायची नाही. ज्याचं काम, त्याला ते झालेलं आढळलं की त्याने उलटवायची.

आपण केलेलं सांगितलं तर काम नासलं, असं लहान मुलंसुद्धा मानत. आणि "तू रविवारी कुठे होतास?" असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं. त्या दिवशी अख्खी वस्ती चोरपावलांनी हिंडत असे, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचा चेहरा मांजराने दूध प्यायल्यासारखा असे. चोराला याहून सोयीचा दिवस शोधून मिळाला नसता.

पण माणसं म्हटली की पळवाट आलीच. वस्तीत ती पळवाट होती 'समजा'.

बियाणेवाली पहिली गेली ती शिंप्याकडे. कारण साधं होतं. बियाणेघराचं दार वर्षानुवर्षं कण्हायचं, आणि आज सकाळी ते हूं की चूं न करता उघडलं होतं. बिजागरीला तिने बोट लावून पाहिलं. तेल पातळ होतं, शिवणयंत्राला घालतात तसलं.

शिंपी एका कोटाची उसवलेली बाही शिवत बसला होता. तिला पाहताच त्याच्या तोंडातली टाचणी पडता पडता राहिली.

"दार आता आवाज करत नाही," ती म्हणाली.

"हो का? बरं झालं. तेल आपोआप झिरपतं कधीकधी लाकडातून."

"लोखंडाच्या बिजागरीत?"

शिंप्याने कोट उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. त्याचे कान लाल झाले होते.

"काका, मी विचारत नाहीये. मी फक्त म्हणते, समजा."

"समजा म्हटलं तर काय, काहीही समजता येतं," शिंपी सावधपणे म्हणाला.

"समजा, एखादा माणूस मुक्या दिवशी त्या दाराला तेल घालायला गेला. तर त्याला वरच्या फळीवर काय दिसलं असेल?"

"सकाळी गेला असेल तर सगळ्या बरण्या दिसल्या असतील. तीसुद्धा. निळ्या झाकणाची. ओलं फडकं घेऊन फळीही पुसली असेल त्याने, समजा."

"आणि नंतर?"

"तेलाची कुपी विसरला असेल तर जेवणाची घंटा व्हायच्या सुमाराला परत गेला असेल. वेंधळा असेल बिचारा." शिंप्याने आवाज खाली आणला. "तेव्हा मात्र तिथे बरणी नसणार. नुसता गोल डाग, कारण फळी ओली पुसलेली."

म्हणजे रविवारी, सकाळ ते जेवणाची घंटा. एवढ्या वेळात बरणी गेली होती. ती उठली.

"आणखी एक," शिंपी पाठीमागून म्हणाला, "हे समजा नाही, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. निळ्या झाकणाची तसलीच बरणी मी काल स्वयंपाकघरात पाहिली. चिठ्ठी नव्हती. मीठ भरलं होतं तिच्यात."

रविवारी जेवणात काय होतं ते तिला आठवलं. शेंगदाण्यांच्या मापाच्या, टपोऱ्या घेवड्याच्या दाण्यांचं गरम सार. तिने दोनदा वाढून घेतलं होतं.

३

स्वयंपाकघर मोठ्या मावशीच्या ताब्यात होतं. मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण दोनशे माणसांना रोज जेवू घालणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? या महिन्यात सभा चालवायची पाळीही तिचीच होती, त्यामुळे ती जरा जास्तच सरळ बसत होती.

बरणी चुलीशेजारच्या फडताळात होती. बियाणेवालीने ती हातात घेतली. तळाला काचेत एक बुडबुडा अडकलेला होता. तो तिने लहानपणी शंभरदा पाहिला होता.

"ही आपली आहे, मावशी. बियाण्याची."

मावशीच्या हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला. "अगं, मला काय माहीत? रविवारी दुपारी धुण्याच्या दगडावर पालथी होती. स्वच्छ धुतलेली. रिकामं भांडं दिसलं की आम्ही भरतो. भांडी काय कमी लागतात?"

"आणि रविवारचं सार?"

मावशीला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा असा झाला, की बियाणेवालीला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"तुझ्या बाबाच्या बिया मी शिजवल्या, असं म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. मला भीती वाटतेय."

"बस इथे." मावशीने स्टूल पुढे सरकवलं, आपण दुसऱ्यावर बसली. "साराचे दाणे मी कधी भिजत घालते?"

"आदल्या रात्री."

"आदल्या रात्री. न भिजवलेला दाणा दुपारपर्यंत शिजला तर मी नाव बदलीन. तुझी बरणी रविवारी सकाळी कुणाला दिसली होती का?"

"समजा, दिसली होती."

"मग झालं तर. शनिवारी रात्रीच माझी परात भिजलेली होती. आणि दाणे पांढरे होते, दोनशे जणांनी पाहिलेत. तुझ्या त्रेसष्ट काळ्या बियांनी माझ्या पातेल्याचा तळही झाकला नसता."

खरंच होतं. बियाणेवालीचा श्वास मोकळा झाला. आता दुसरीही एक गोष्ट स्पष्ट होती. पाहुणे सुटले होते. बाहेरचा माणूस बरणी उचलून पिशवीत टाकेल आणि वाटेला लागेल. बिया काढून घेऊन बरणी धुऊन पालथी घालणार नाही. वापरलेलं भांडं धुऊन दगडावर पालथं घालणं ही वस्तीतली सवय. बरणी नेणारा घरातलाच होता.

"चिठ्ठी कुठे गेली, मावशी? फाडून टाकली होती का?"

"तेच तर." मावशीने बरणी उजेडात धरली. "मी रोज जुन्या चिठ्ठ्या खरवडते. अर्धा कागद चिकटून राहतो, नखं तुटतात. हिच्यावर कागदाचा कपटासुद्धा नव्हता. नुसता डिंकाचा चौकोन. कुणीतरी वाफेवर धरून अख्खी सोलून काढली ती. जपून."

घरी जाताना बियाणेवाली त्या चौकोनाचाच विचार करत होती. बिया हव्या होत्या हे ठीक. पण चिठ्ठी कुणाला हवी असेल? त्यावर बाबांनी पेरणीच्या सूचना लिहिल्या होत्या. दोन पेरं खोल, वीतभर अंतर, डोळा खालच्या बाजूला, आणखी दोन-तीन ओळी, ज्या तिला आता आठवत नव्हत्या. वस्तीच्या माळ्याला त्या पाठ होत्या. मावशीला त्यांचा उपयोग नव्हता. लपवणाऱ्याला तर मुळीच नव्हता.

चिठ्ठी नेली होती ती अशा माणसाने, ज्याला त्या बिया पेरायच्या होत्या आणि पेरायचं कसं ते ठाऊक नव्हतं.

४

शुक्रवारी ती लोहाराकडे गेली. जाताना तळ्याच्या बाजूने लांबच्या वाटेने गेली, कारण जवळची वाट बाबांच्या वाफ्यावरून जात होती.

लोहारकाकांकडे जायचं कारण वेगळं होतं. कुलूप होणार असेल तर ते त्यांच्याच भट्टीत होणार. शिवाय कुलपाचा विषय वस्तीत काढला होता तो मुळात त्यांनीच. वीस वर्षं दर वार्षिक सभेत ते उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बियाणेघराला कुलूप हवं." मग बाबा उठायचे आणि म्हणायचे, "नको." मग दोघं सभा संपल्यावर एकाच बाकावर बसून चहा प्यायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत.

लोहारकाका ऐरणीशी उभे होते. अंगाने दारासारखे रुंद, बोलण्यात कंजूष.

"ये पोरी."

"काका, मधवाला म्हणतो तुम्हाला कुलूप सांगितलंय."

"सांगितलंय."

"झालं का?"

"नाही."

"उद्या सभा आहे."

"कोळसा ओला आहे."

तिने भट्टीकडे पाहिलं. निखारे लालबुंद होते. चिमट्यात धरलेली कुदळ पांढरी पडेपर्यंत तापली होती. काकांनीही तिच्या नजरेबरोबर भट्टीकडे पाहिलं आणि कुदळीवर हातोडा घातला, जरुरीपेक्षा जोरात.

"तुमचंच म्हणणं खरं ठरलं की मग," ती म्हणाली. "कुलूप असतं तर बरणी गेली नसती. सगळे तेच म्हणतायत."

"म्हणू दे."

"तुम्ही काल भोजनगृहात काहीच बोलला नाहीत."

"तोंडात घास होता."

"पूर्ण वेळ?"

"मोठा घास होता." ते थांबले. हातोडा खाली ठेवला, पंच्याने मान पुसली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू तळ्याकडून आलीस."

"हो."

"लांब पडतं ते."

"पडतं."

"बरं," काका म्हणाले, आणि पुन्हा कुदळीकडे वळले.

ती परत फिरली. पन्नास पावलं गेल्यावर तिचे पाय आपोआप थांबले. वीस वर्षं एक माणूस एकच गोष्ट मागत होता. आज ती पिकलेल्या फळासारखी त्याच्या ओंजळीत पडत होती, आणि त्याचा कोळसा ओला होता. चोरी झाली असं ज्याला वाटतं, तो असा वागत नाही.

चोरी झालीच नाही, हे ज्याला माहीत आहे तोच असा वागतो.

५

"मग विचार ना त्याला सरळ," आत्या म्हणाली. ती वाटाणे सोलत होती आणि सोलता सोलता खात होती.

"कसं विचारू? मुक्या दिवसाची गोष्ट आहे."

"तुझा बाप असता तर..."

"काय केलं असतं?"

"काही नसतं केलं. पण केल्यासारखा चेहरा ठेवला असता." आत्याने आणखी दोन दाणे तोंडात टाकले. "तू उगाच चोर शोधत बसलीस. मुक्या दिवशी माणूस काय शोधतो?"

"रखडलेलं काम."

"मग?"

बियाणेवाली उठली आणि भोजनगृहात गेली. तिथे कुणी नव्हतं. बाकं पालथी घातलेली होती. ती फळ्यासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच नीट विचार करू लागली. आतापर्यंत ती विचारत होती, बिया कुणाला हव्या होत्या? प्रश्न तसा नव्हता. प्रश्न असा होता की रविवारी कुणाचं काम अडलं होतं, जे त्या बियांशिवाय होणार नव्हतं?

तिने एकेक पाटी वाचली. सतरंज्या झटकणे, हिरवी. तळ्याचा बांध, हिरवी. बिजागरी, ती आज तिनेच उलटवली होती. पाच दिवसांत सगळ्यांनी आपापली झालेली कामं शोधून पाट्या उलटवल्या होत्या. अख्ख्या फळ्यावर एकच पाटी कोरी होती. खालून तिसऱ्या ओळीत, तीन आठवड्यांपासून.

डोळस शेंगांची पेरणी. बियाणेवाली.

ती पाटी तिला रोज तीनदा दिसत होती. नाश्त्याला, जेवणाला, रात्रीच्या जेवणाला. दर वेळी ती मनाशी म्हणायची, उद्या. बाबांचा वाफा उकरायचा तर बाबांची कुदळ हातात घ्यावी लागणार, आणि त्या कुदळीचा दांडा बाबांच्या मुठीपाशी झिजलेला होता. तिचं मन तिथे पोचायच्या आधीच मागे फिरायचं. तिने सगळ्या वस्तीची कामं तपासली होती. आपलं सोडून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आत्या नक्की म्हणणार होती. तिला ते ऐकून घ्यावं लागणार होतं.

त्या संध्याकाळी ती जवळच्या वाटेने गेली.

वाफा भट्टीच्या मागच्या अंगाला होता. माती भुसभुशीत, काळी, नुकतंच पाणी दिलेली. बाबांच्या ओळी नेहमी वाकड्या जायच्या. ते पेरता पेरता कुणाशी तरी बोलत असायचे आणि बोलणं जिकडे वळेल तिकडे ओळ वळायची. या ओळी तशा नव्हत्या. दोरी लावून, माप घेऊन, वीतभराच्या वर तसूभर नाही की खाली नाही, अशा ऐरणीवर ठोकून काढल्यासारख्या सरळ. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी खुंटी. तिने खळगे मोजले. त्रेसष्ट.

ती वाफ्याच्या कडेला बराच वेळ बसली. मातीला हात लावला नाही. बी हयगयीत वाढलेल्या वेलांचं होतं, त्यातून अर्धं रुजलं तरी पुष्कळ. उगवेपर्यंत काहीच कळणार नव्हतं. आणि सभा उद्या होती.

६

शनिवारी सभेला झाडून सगळे आले. मावशीने टेबलावर डाव आपटला. तिला घंटा आवडत नसे.

मधवाल्याने ठराव मांडला. चांगलं बोलला. त्याचा आवाज कापत होता, आणि भीती खरी असली की ती ऐकणाऱ्यालाही लागते.

मग बियाणेवाली उठली. सभेत ती याआधी कधी बोलली नव्हती. बोलणं हे बाबांचं खातं होतं.

"चोरी झालेली नाही," ती म्हणाली. "माझं एक काम तीन आठवडे पडून होतं. मी ते करत नव्हते. मुक्या दिवशी कुणीतरी ते केलं. बिया वाफ्यात आहेत. बरणी रिकामी झाली म्हणून धुवायला गेली. एवढंच आहे. मी माझ्याच वाफ्याकडे फिरकले नाही, म्हणून मला कळलं नाही, आणि माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना घोर लागला. त्याबद्दल मला वाईट वाटतं."

कुजबुज झाली. मधवाला उभाच होता. "तुझ्यावर अविश्वास नाही गं. पण तू बिया पाहिल्यास का?"

"नाही. वाफा पाहिला."

"मग आत नुसती माती नाही कशावरून? पेरल्या कुणी, ते सांगता येईल?"

"ते सांगता येणार नाही. का, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

"बरोबर आहे, बरोबर आहे," मधवाला कळवळून म्हणाला. "मला तरी कुठे कुलूप हवंय? मला नीट झोप हवी आहे. एक करू. आपण सगळे जाऊ, दोन बिया उकरून बघू. दिसल्या की मी ठराव मागे घेतो. दोनच."

लोकांना ते पटलं. काही जण उठूही लागले. बियाणेवालीला नाही म्हणायचं होतं. सहाव्या दिवशी कोंबाची मान बाहेर पडायच्या बेतात असते, बोट लागलं तरी मोडते. पण नाही म्हणावं तर सगळे म्हणणार, बघा, लपवतेय. मावशी तिच्याकडे पाहत होती.

"पेरल्यावर दहा दिवस उकरून बघू नये."

आवाज मागून आला. लोहारकाका उभे होते. त्यांचा चेहरा भट्टीसमोर असल्यासारखा लाल होता.

"कोण म्हणतं?" मधवाल्याने विचारलं.

"चिठ्ठीवर लिहिलंय," काका म्हणाले. "शेवटच्या ओळीत. खाली रेघ मारून."

सभागृहात टाचणी पडली असती तर शिंप्याला ऐकू गेली असती. चिठ्ठी बरणीवर नव्हती. चिठ्ठी रविवारपासून कुणी पाहिली नव्हती. दोनशे माणसांना एकाच क्षणी एकच गोष्ट कळली.

आणि मग वस्तीने जे केलं ते फक्त वस्तीच करू शकली असती. शिंपी खिडकीतून बाहेर पाहू लागला, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. आत्याला पदरावर एक धागा सापडला. कुणी खोकलं, कुणी चप्पल शोधू लागलं. मावशीने छताकडे पाहून विचारलं, "काही ऐकू आलं का कुणाला? मला या कानाने कमी येतं हल्ली."

"नाही बुवा," मधवाला म्हणाला. तो खाली बसला होता, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी नव्हती. "मी काही ऐकलं नाही. पण माझं मत बदललं. ठराव मागे."

लोहारकाका कुणाकडेही न पाहता दारातून बाहेर पडले. दार त्यांनी अलगद ओढून घेतलं.

७

रविवारी बियाणेघराच्या वरच्या फळीवर चिठ्ठी होती. सपाट, कोरडी, एका कोपऱ्यावर काजळीचा पुसट ठसा. तिने ती पूर्ण वाचली. शेवटची ओळ खरोखरच अधोरेखित होती, आणि त्याखाली बाबांनी बारीक अक्षरात आणखी लिहिलं होतं: घाई करून काही लवकर उगवत नाही, मी करून पाहिलं आहे.

ती रोज वाफ्यावर जाऊ लागली. झारीने पाणी घालायचं, कडेचं तण काढायचं, आणि बघायचं नाही असं ठरवून बघायचं. सोमवारी काही नव्हतं. मंगळवारी काही नव्हतं. भट्टीत हातोड्याचा आवाज चालू असायचा. ती आली की जरा थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. बुधवारी एका जागी मातीला केसाएवढी चीर पडली होती. ती आपल्याला भास होतोय असं समजून घरी आली आणि आत्याला काही बोलली नाही.

गुरुवारी, अकराव्या दिवशी, ऊन नुकतं आडवं पडलं होतं. पहिल्या ओळीत एक वाकलेली मान मातीबाहेर आली होती, आणि तिच्या टोकाला बियाचं काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं होतं. शेजारी दुसरी. तिने ओळी चालत मोजलं. एकोणीस, वीस, एकवीस. तिसऱ्या ओळीत सलग सहा खळगे मुके होते. तिथे ती थोडी थांबली आणि पुढे गेली. शेवटच्या खुंटीपाशी आकडा झाला सदतीस.

सदतीस वेल. एकाला शंभर शेंगा धरल्या नाहीत, चाळीस धरल्या, तरी पुढच्या सालासाठी दोन बरण्या भरत होत्या.

तिने सोबत आणलेली बाबांची कुदळ उचलली. दांडा झिजलेल्या जागी तिची मूठ नीट बसत नव्हती. ती जरा वर धरली तेव्हा बसली. वेलांना काठ्या रोवायला अजून आठवडा होता, पण खड्डे आजच घेऊन ठेवता आले असते. तिने चार घेतले. पाचवा घेताना भोजनगृहातून भाजलेल्या पावाचा वास आला, आणि तिच्या लक्षात आलं की तिला भूक लागली आहे. उगाच वेळ झाली म्हणून नाही, चांगली कडकडून. थंडीपासून पहिल्यांदाच.

तिने कुदळ तिथेच मातीत उभी ठेवली आणि पाव संपायच्या आत पोचावं म्हणून भरभर चालू लागली.